एकच चारिझार्ड ईएक्स आहे, त्याच्याभोवती डेक कसा बसवायचा? आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत हवाय

अमळनेरची_आई

नमस्कार मंडळी. प्रश्न पोकेमॉनच्या कार्डांचा आहे, छापील कार्डं, फोनवरचा पॉकेट गेम नाही. लेक सातवीत आहे, पॉकेट खेळून खेळून तिला नाद लागला, मग तिच्या मामाने पुण्याहून ऑब्सिडियन फ्लेम्सची पाकिटं पाठवली आणि त्यातल्या एकात चारिझार्ड ईएक्स, म्हणजे जास्त ताकदीचा चारिझार्ड, निघाला. साधाच आहे, मोठ्या चित्राचा महागवाला नाही, पण पोरीचा जीव त्याच्यावर. तिला तो अल्बममध्ये ठेवायचा नाहीये, खेळायचाय, आणि मला तिचं ते म्हणणं इतकं आवडलं की मी पण नियम शिकून घेतले, आता रात्री जेवणं आटोपली की दोघी बसतो.

अडचण अशी की घरात जेवढी कार्डं होती तेवढ्यातून आम्ही ६० चा डेक, म्हणजे खेळायची गड्डी, जमवला. चारिझार्ड १, चारमँडर २, चारमीलियन १ (चारमँडरचा चारमीलियन आणि त्याचा चारिझार्ड होतो), बाकी जे जे आवडतं ते, पाण्याचे गवताचे सगळे. एनर्जी (हल्ल्यासाठी लागणारे पत्ते) २२ टाकल्यात, त्यातल्या १२ आगीच्या. आणि होतं काय की बहुतेक डावांत चारिझार्ड दिसतच नाही, डाव संपून जातो आणि तो गड्डीत खाली पडलेला असतो, नाहीतर प्राइझमध्ये (सुरुवातीला बाजूला उलटे ठेवलेले पत्ते, समोरचा पोकेमॉन मारला की त्यातून घ्यायचे, सगळे घेतले की जिंकलं). हातात आला तर चारमँडर नसतो. तिचा अगदी हिरमोड होतो.

आखाजीला माहेरी पारोळ्याकडे जाणारे. तिथे आखाजीला मोठी माणसं पत्ते कुटत बसतातच, यंदा पोरं ही कार्डं घेऊन बसणार आहेत. मामाचा मुलगा येणार, त्याच्याकडे मिराइडॉन ईएक्सचा डेक आहे आणि तो भराभर चालतो. मला लेकीला जिंकवूनच आणायचंय असं नाही, पण चारिझार्ड टेबलावर उभा तरी राहावा.

तर विचारायचं असं, एक चारिझार्ड पुरतो का अजून घ्यावे लागतील? एनर्जी किती ठेवायची? मधला चारमीलियन लागतोच का? आणि चारिझार्ड स्वतः अंधार टाइपचा लिहिलाय मग एनर्जी आगीची का मागतो, काही छपाईची चूक आहे का? पाकिटं अजून मागवू का?

भुसावळ_जंक्शन

ताई सगळ्यात आधी शेवटच्याचं उत्तर, पाकिटं मागवू नका. पाकिटात काय निघेल ते कोणाच्याच हातात नसतं, तुम्हाला जे पत्ते पाहिजेत ते एकेक करून सुटे विकत मिळतात, आणि साधा चारिझार्ड ईएक्स मोठ्या चित्राच्या चारिझार्डच्या मानाने कितीतरी स्वस्त असतो, खेळायला दोन्ही सारखेच. अजून एक सोपा रस्ता आहे, २०२४ ला चारिझार्ड ईएक्सचा लीग बॅटल डेक म्हणून तयार ६० पत्त्यांचा डबा आला होता, त्यात चारिझार्ड पण आहे आणि त्याच्यासोबत लागणारा पिजॉट ईएक्स पण. कुठे रास्त भावात मिळाला तर तोच घ्या, निम्मं काम तिथेच होतं.

छपाईची चूक नाहीये. तो टेरा पोकेमॉन आहे, टेरामध्ये टाइप बदलतो, म्हणून अंग अंधाराचं आणि एनर्जी आगीची. टेराचा अजून एक फायदा, तो बेंचवर, म्हणजे मागच्या रांगेत, बसलाय तोवर हल्ल्याचं डॅमेज त्याला लागत नाही. ३३० एचपी, म्हणजे जीव, आहे, कमजोरी गवताची. मिराइडॉन विजेचा, म्हणजे त्या बाजूने भीती नाही.

आता मुख्य. तुमच्या डेकमध्ये चारिझार्ड आहे पण डेक चारिझार्डचा नाहीये. एका पत्त्यावर डेक बांधायचा म्हणजे ६० पैकी बहुतेक पत्ते त्या एकाला बाहेर काढण्यासाठी असतात, त्याच्या नावाचे पत्ते फार तर ३. हिशोब बघा, ६० मध्ये तो एकच असला तर पहिल्या ७ मध्ये येण्याची शक्यता साधारण १२ टक्के. आणि ६ पत्ते प्राइझमध्ये उलटे पडतात म्हणजे दहातल्या एका डावात तो सुरुवातीलाच तिथे अडकणार, त्या डावात सहसा विषयच संपला. ३ ठेवले तर तिन्ही प्राइझमध्ये जाण्याची शक्यता हजारात एकसुद्धा नाही. म्हणून ३ पाहिजेत. ४ चालतात नियमाने, पण इतक्या मोठ्या पोकेमॉनचे ४ हातात साचून बसतात.

पण नुसते ३ असून पण भागत नाही कारण हा स्टेज २ आहे. आधी चारमँडर खाली, मग चारमीलियन, मग हा. इथे रेअर कँडी कामाला येते, तिने मधला चारमीलियन गाळून सरळ चारमँडरवर चारिझार्ड बसवता येतो. अट एवढीच की तुमच्या पहिल्या टर्नला कँडी चालत नाही आणि त्याच टर्नला खाली टाकलेल्या चारमँडरवर पण नाही. म्हणजे सगळं जुळलं तर तुमच्या दुसऱ्या टर्नला चारिझार्ड उभा. डेक बांधताना मी स्वतःला हाच प्रश्न विचारतो की माझा मुख्य पत्ता कितव्या टर्नला पाहिजे, आणि मग मागे मागे जातो. दुसऱ्या टर्नला चारिझार्ड पाहिजे म्हणजे पहिल्या टर्नला चारमँडर बेंचवर पाहिजेच, एक नाही दोन, कारण एक समोरचा मारून टाकेल. पहिल्या टर्नला दोन चारमँडर पाहिजे म्हणजे ते शोधून देणारा पत्ता पाहिजे, तो म्हणजे बडी-बडी पॉफिन, ७० एचपी किंवा त्याहून कमीचे दोन बेसिक (सरळ खाली ठेवता येणारे पोकेमॉन) गड्डीतून काढून सरळ बेंचवर ठेवतो, चारमँडर बरोब्बर ७० चा आहे. मग दुसऱ्या टर्नला दोन गोष्टी हातात पाहिजेत, कँडी आणि चारिझार्ड. चारिझार्डसाठी अल्ट्रा बॉल, दोन पत्ते फेकून कोणताही पोकेमॉन शोधता येतो. कँडीसाठी आर्वेन, तो एक आयटम (कँडी, पॉफिन हे आयटमच) आणि एक टूल (पोकेमॉनला लावायचा पत्ता) शोधून देतो. दिसतंय ना, एका चारिझार्डमागे पॉफिन, कँडी, अल्ट्रा बॉल, आर्वेन अशी साखळी आली आणि साखळीतला प्रत्येक पत्ता ४ पाहिजे. कारण कोणताही पत्ता ४ ठेवला तर पहिल्या ७ मध्ये निदान एक येण्याची शक्यता ४० टक्के असते, २ ठेवला तर पाव पण नाही.

एनर्जी २२ फार झाल्या. या चारिझार्डची ताकदच ती आहे, इन्फर्नल रेन, हातातून इव्हॉल्व्ह करून खाली ठेवला की गड्डीतून आगीच्या बेसिक एनर्जी ३ पर्यंत शोधून आपल्या पोकेमॉनना हव्या तशा लावता येतात. हल्ल्याला लागतात २. म्हणजे आला त्याच टर्नला मारतो, आणि तिसरी एनर्जी बेंचवरच्या पुढच्या चारमँडरला लावून ठेवायची. पॉकेटमध्ये एनर्जी आपोआप येते त्यामुळे पोरांना छापील खेळात किती टाकायच्या याचा अंदाज नसतो, भीतीपोटी भरमसाट टाकतात. तुम्ही ८ ठेवा, सगळ्या आगीच्या. हात बसला की ७, ६ वर आणा. पण लक्षात ठेवा एनर्जी गड्डीत उरलेली पाहिजे, हातात साचून बसल्या तर इन्फर्नल रेनला काढायला काही उरत नाही.

माझा सांगाडा असा: चारमँडर ४, चारमीलियन १, चारिझार्ड ईएक्स ३, पिजी (पिजॉटचा बेसिक) २, पिजॉट ईएक्स २, रेअर कँडी ४, पॉफिन ४, अल्ट्रा बॉल ४, आगीच्या एनर्जी ८. हे झाले ३२. मग आर्वेन ४, आयोनो ४, प्रोफेसर्स रिसर्च ४ (हे दोन्ही नवे पत्ते ओढायला), बॉसेस ऑर्डर्स २ (समोरच्याचा बेंचवरचा पोकेमॉन पुढे ओढायला), झाले ४६. उरलेले १४ आपल्या आवडीने आणि समोर कोण बसणार ते बघून.

पिजॉट कशाला ते सांगतो. त्याची क्विक सर्च, दर टर्नला एकदा गड्डीतून कोणताही एक पत्ता. कोणताही! एकदा का तो बसला की पुढचा चारिझार्ड, कँडी, बॉस जे पाहिजे ते दर टर्नला हातात. ज्या डेकचा जीव एका पत्त्यात आहे त्याला पिजॉटसारखा सोबती दुसरा नाही. आणि त्याला रिट्रीट कॉस्टच नाही, पुढे ओढला गेला तरी फुकटात मागे येतो.

साक्रीना_गडी

ताई, मी सांगस आयका. भुसावळवाला भाऊनी जे लिखेल शे ते सोळा आणा खरं शे. पन एक गोष्ट त्यानी सांगी नही. चारिझार्ड घेवाले जाशात तवय नीट दखीसन घ्या, त्याच नावना दोन वायला वायला पत्ता शेतस. १५१ नावना सेटमा बी चारिझार्ड ईएक्स शे, तो आगना टाइपना शे, त्याले ती एनर्जी काढानी ताकद नही. तुम्हले अंधारवाला पाहिजे, ऑब्सिडियन फ्लेम्सना, नहीते पाल्डियन फेट्सना, दोन्हीमा तोच शे. नाव एकच म्हनीसन दोन्ही मियीन चारच चालतस डेकमा.

चाळीसगावकर_पल्लवी

अमळनेरच्या ताई, मी स्वतः लहान मुलांना शनिवारी हा खेळ शिकवते म्हणून थोडं वेगळं सांगते. भुसावळच्या दादांचा सांगाडा मुरलेल्या माणसासाठी उत्तम आहे पण त्यात बेसिक पोकेमॉन फक्त ६ आहेत, ४ चारमँडर आणि २ पिजी. ६ बेसिकवर पहिल्या ७ पत्त्यांत निदान एक बेसिक येण्याची शक्यता साधारण ५४ टक्के. म्हणजे जवळपास दर दुसऱ्या डावाला हात दाखवा, परत पिसा, आणि प्रत्येक वेळी समोरच्याला जास्तीचा एक पत्ता घेता येतो. पॉकेटमध्ये पहिल्या हातात बेसिक मिळतोच मिळतो, त्याची सवय झालेल्या मुलीला हे फार खटकेल. ८ बेसिक केले की ६५ टक्के, १० केले की ७४. त्या उरलेल्या १४ मधले निदान ४ पत्ते बेसिकलाच द्या.

दुसरं पिजॉटबद्दल. मला तो आवडतो, पण सातवीतल्या मुलीला दोन स्टेज २ एका वेळी सांभाळायला लावू नका असं माझं मत आहे. कँडी ४ च आहेत, त्या चारिझार्डला द्यायच्या का पिजॉटला हा निर्णय दर डावाला येतो आणि चुकला की दोघंही अर्धवट राहतात. दर टर्नला सगळी गड्डी उघडून हवा तो पत्ता घ्या म्हटलं की मुलं गोंधळतात पण, आपल्याला नक्की काय हवंय तेच ठरत नाही. आणि समोर मिराइडॉन आहे! पिजॉटची कमजोरी वीज. २८० एचपी आहे त्याला, मिराइडॉनचा हल्ला २२० चा, दुप्पट होऊन ४४०. बॉस टाकून पिजॉटला पुढे ओढला की एका फटक्यात गेला आणि दोन प्राइझ गेल्या. मिराइडॉनसमोर पिजॉट बसवणं म्हणजे त्या मुलाला सोपी शिकार देणं.

त्याऐवजी मी काय करेन, चारमीलियन १ ऐवजी २ किंवा ३ ठेवेन आणि टेक्निकल मशीन इव्हॉल्यूशन नावाचं टूल २ घेईन. ते पुढच्या पोकेमॉनला लावायचं, एक एनर्जी द्यायची आणि त्याच्यावर लिहिलेला हल्ला करायचा, बेंचवरच्या दोघांना गड्डीतून शोधून एकेक पायरी चढवता येतं. दुसरं खेळणाऱ्याला पहिल्याच टर्नला हे करता येतं कारण पहिल्या टर्नला हल्ल्याची बंदी फक्त सुरुवात करणाऱ्याला आहे. दोन चारमँडरचे दोन चारमीलियन झाले, पुढच्या टर्नला कँडी नसली तरी हातातून चारिझार्ड बसतो. टूल असल्यामुळे आर्वेन ते पण शोधून देतो. फक्त लेकीला एक गोष्ट नीट समजावा, चारमीलियनवरून चारिझार्ड जर मशीननेच गड्डीतून आणला तर इन्फर्नल रेन चालत नाही. हातातून ठेवला तरच एनर्जी मिळते, पत्त्यावर तसं स्पष्ट लिहिलंय.

चारमीलियन लागतोच का विचारलंत, तर माझं उत्तर हो, आणि एकापेक्षा जास्त. कँडीवर सगळा भार टाकला की कँडी न आलेला डाव पूर्ण रिकामा जातो.

भुसावळ_जंक्शन

बेसिकचं बरोबर आहे, १४ मधून ते भरायचेच. पण पिजॉटवर मी ठाम आहे ताई. पोरं आपल्याला वाटतात त्यापेक्षा हुशार असतात, पॉकेटवर ती कॉम्बो लावतातच ना. आणि पहिला चारिझार्ड मेल्यावर काय, त्याचं उत्तर तुमच्या पद्धतीत कुठंय? एका पत्त्याचा डेक तिथेच मरतो, पहिला गेला आणि दुसरा वेळेवर आला नाही. पिजॉट असला तर दुसरा येतोच.

चाळीसगावकर_पल्लवी

दुसरा येतो की, दोन चारमीलियन आधीच बेंचवर बसलेत आणि त्या तीन एनर्जीतली एक त्याला लागलेली आहे. वर नाइट स्ट्रेचर २ ठेवा, मेलेला चारिझार्ड किंवा चारमँडर फेकलेल्या ढिगातून परत हातात येतो. पिजॉट वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये दादा, या मुलीसाठी या आखाजीला नको एवढंच. दिवाळीत घालू दे.

तापीकाठचा

दोघांचं भांडण वाचायला मजा येऊन राहिली भो पण चारिझार्डचा खरा डाव कोणी बोललंच नाही. त्याचा हल्ला नीट वाचा, १८० आणि समोरच्याने घेतलेल्या दर प्राइझमागे ३० जास्त. म्हणजे तुम्ही जितके मागे तितका हा जोरात मारतो. एक प्राइझ गेली तर २१०, दोन गेल्या २४०, तीन २७०, चार ३००, पाच गेल्या तर ३३०. मला या पत्त्याचं याच्यासाठी फार प्रेम आहे, हरत आलेल्या डावात तो उठून उभा राहतो. इतर डेकमध्ये पोकेमॉन मेला की वाईट वाटतं, याच्यात सुरुवातीचे एकदोन छोटे मरायलाच पाहिजेत, आणि लेकीला हे आधीच सांगून ठेवा म्हणजे पहिला चारमँडर मेल्यावर ती रडकुंडीला येणार नाही.

आता मिराइडॉनचं गणित बघा. त्याला २२० एचपी. चारिझार्ड नुसता १८०, मरत नाही. एक प्राइझ गेलेली असेल तर २१०, बघा ना, दहासाठी वाचतो तो! दोन गेल्या की २४०, मेला. म्हणून या सामन्यात पहिल्या दोन प्राइझ कोणत्या द्यायच्या हे आपण ठरवायचं, एकेक प्राइझवाले छोटे पुढे करायचे. ईएक्स मेला की समोरचा दोन घेतो, छोटा मेला की एक. सगळे ईएक्सच दिले तर दोन दोन करून तिसऱ्याला सहा प्राइझ होऊन डाव संपतो. मध्ये एक छोटा गेला की १ आणि २ आणि २ म्हणजे ५ होतात, त्याला अजून एक मारावाच लागतो. तेवढा एक टर्न चारिझार्डला जास्तीचा मिळतो, आणि तोच सगळ्यात जोराचा टर्न असतो. उलट बाजूने, मिराइडॉनचा २२० चारिझार्डला एका फटक्यात मारत नाही, ३३० आहे त्याला, आणि तो हल्ला केला की मिराइडॉनला पुढच्या टर्नला हल्ला करता येत नाही, त्याला दुसरा तयार ठेवावा लागतो. म्हणजे घाबरायचं कारण नाही, एकदा चारिझार्ड उभा राहिला की सामना तुमच्याकडे झुकतो. पहिले दोन टर्न काढायचे फक्त.

म्हणून त्या १४ मध्ये माझं मत डस्कलला. डस्कल २, डस्कलॉप्स १, डस्कनॉयर १. डस्कल ६० एचपीचा बेसिक आहे म्हणजे पल्लवीताईंची बेसिकची तक्रार पण थोडी मिटते आणि पॉफिनने पण निघतो. डस्कलॉप्स स्वतः मरून समोरच्या कोणत्याही एका पोकेमॉनवर ५० डॅमेज टाकतो, डस्कनॉयर असाच मरून १३०. आपण स्वतःच मारल्यामुळे समोरच्याला एक प्राइझ मिळते, पण त्यानेच चारिझार्ड ३० ने वाढतो! समजा अजून एकही प्राइझ गेली नाहीये, डस्कलॉप्स मारला, ५० मिराइडॉनवर, एक प्राइझ त्याला गेली, आता चारिझार्डचे २१०. झाले २६०. २२० चा मिराइडॉन गेला आणि आपल्याला दोन प्राइझ. एक देऊन दोन घेतल्या.

आणि समोरच्याच्या बरोब्बर दोन प्राइझ उरल्या असतील तेव्हा ब्रायर नावाचा सपोर्टर, आर्वेनसारखा मदतीचा पत्ता. त्या टर्नला आपल्या टेरा पोकेमॉनच्या हल्ल्याने समोरचा पुढचा पोकेमॉन मेला की एक प्राइझ जास्त मिळते. त्या वेळी चारिझार्ड ३०० ने मारत असतो. ईएक्स मारला तर एका फटक्यात तीन प्राइझ! एकच ठेवा तो, पण ठेवा.

अमळनेरची_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार, लेकीला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. तापीकाठच्या दादांचं २१० आणि २२० वालं ऐकून ती वही घेऊनच बसली, १८० पासून ३३० पर्यंतचा तक्ता केलाय आणि कपाटावर चिकटवलाय. हरत असताना जोर वाढतो हे तिला इतकं आवडलं, म्हणते आई मग पहिला चारमँडर मीच पुढे करते.

ठरलं असं की यावेळी पल्लवीताईंच्या पद्धतीने, पिजॉट नंतर. पण डस्कल घ्यायचाच असं तिचं म्हणणं आहे. दोन चारिझार्ड आणि चारमँडर, कँडी, पॉफिन असे सुटे मागवतेय, साक्रीच्या भाऊंनी सांगितलं ते बघूनच. अजून दोन शंका. सगळे पत्ते आखाजीपर्यंत कुरिअरने नाही पोचले तर काय करायचं? आणि इथे खेळण्याच्या दुकानात सोनेरी पोकेमॉन कार्डांचा डबा मिळतो, ५५ कार्डं, त्यात चारिझार्ड पण दिसतोय, तो घरात खेळायला चालेल का?

जळगाव_खेळगडी

सोनेरी डबा घेऊ नका ताई. गोलाणी मार्केट असो नाहीतर कुठलंही खेळण्याचं दुकान, ती सोनेरी प्लास्टिकची कार्डं सगळी नकली. खेळायला पण उपयोग नाही कारण त्यात रेअर कँडी, पॉफिन, आर्वेन यातलं काही नसतं, नुसते मोठे मोठे पोकेमॉन, एचपीचे आकडे मनाला येतील ते आणि मजकूर अर्धवट. सुटे पत्ते घेताना पण तपासा. मागचा निळा रंग आपल्या खऱ्या कार्डाशेजारी धरून बघायचा, आणि मोबाईलचा टॉर्च मागून लावायचा, खऱ्या कार्डाच्या दोन थरांमध्ये गडद थर असतो म्हणून उजेड फारसा आरपार येत नाही, नकलीतून लख्ख दिसतो.

कुरिअर उशिरा आलं तर घरच्या खेळात कागदाची चिठ्ठी चालते. साध्या एनर्जी कार्डावर 'रेअर कँडी' लिहिलेला कागद ठेवायचा आणि दोन्ही एकाच कव्हरमध्ये घालायचं, मागून सगळं सारखं दिसलं पाहिजे. पत्ता काय करतो ते पण त्या कागदावर लिहा म्हणजे भांडण नको. मामाच्या मुलाला आधी सांगा आणि त्याची हरकत नसेल तर खेळा. स्पर्धेत हे चालत नाही. स्पर्धेचं निघालंच आहे तर, कार्डाच्या खाली डाव्या कोपऱ्यात छोटं अक्षर असतं, तुमच्या चारिझार्डवर जी आहे. जुनी अक्षरं स्पर्धेतून ठरावीक काळाने बाद होत जातात, कधी मुंबई पुण्याला स्पर्धेला नेणार असाल तर त्या वेळी कोणती चालू आहेत ते बघूनच जा. माहेरच्या ओट्यावर सगळी अक्षरं चालतात.

पाकिटातून निघालेले कोडचे कागद फेकले नसतील तर तेही वापरा. पोकेमॉन टीसीजी लाइव्ह हे अॅप फुकट आहे, पॉकेट नव्हे, ते वेगळं, त्यात हाच ६० पत्त्यांचा खेळ आहे. कोड टाकला की तिथे पाकीट मिळतं. पैसे खर्च करण्याआधी हा डेक तिथे जमवून लेकीला डाव खेळू द्या, चारमीलियन २ बरे का ३ ते तिचं तिलाच कळेल आणि त्याच हिशोबाने सुटे मागवा.

अजून एक, हे आपल्याकडच्यांनाच सांगावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो आणि घराघरात पाण्याचे कूलर लागतात. कूलरच्या ओल्या हवेत चमकीची कार्डं वाकतात, कारण कागद ओल धरतो आणि वरचा चमकीचा थर धरत नाही. वाकलेला चारिझार्ड गड्डीत लगेच ओळखू येतो आणि मग समोरचा म्हणतो तुला वरचा पत्ता दिसतोय. तेव्हा सगळ्या ६० पत्त्यांना एकसारखी कव्हरं घाला, नुसत्या चारिझार्डला नाही, आणि डेक घट्ट डब्यात ठेवा, कूलरसमोर मांडून खेळू नका.

साक्रीना_गडी

चिठ्ठीनी कल्पना भारी शे. पन चारिझार्ड खराच ऱ्हाऊ द्या ताई, तोच ते पोरले खेळना शे.

अमळनेरची_आई

हो हो, चारिझार्ड खराच. अॅप टाकलं, कोडचे कागद तिने कंपासमध्ये जपून ठेवलेलेच होते. एकच शेवटचं विचारते, सुरुवात कोण करणार याची नाणेफेक तिने जिंकली तर पहिलं खेळायचं का दुसरं?

चाळीसगावकर_पल्लवी

या डेकने, आणि मशीन दोन ठेवलं असेल तर, दुसरं. पहिला खेळणाऱ्याला पहिल्या टर्नला हल्लाही नाही आणि सपोर्टरही नाही, म्हणजे आर्वेन हातात असून बसून राहायचं. दुसरं खेळली तर आर्वेनने पॉफिन आणि मशीन दोन्ही एकदम मिळतात, पॉफिनने दोन चारमँडर बेंचवर, पुढच्याला एक आगीची एनर्जी, मशीन लावून हल्ला, आणि टर्न संपताना दोन चारमीलियन तयार. फक्त पुढे चारमँडर नको, डस्कल ठेवा, मेला तर तो मरू दे. मशीन त्या टर्नच्या शेवटी फेकलं जातं हे तिला सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या टर्नला शोधत बसेल.